पिवळा फेस

"तीन मिनिटं झाली," मी म्हणाले.

"घड्याळाकडं बघू नगासा ताई. धुराकडं बघा," दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

धुराकडे बघण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. सायलेन्सरमधून पांढरा, दाट धूर येत होता आणि गोदामाच्या पत्र्याखाली साचत होता. नऊ वर्षं बंद असलेली आमची गाडी सकाळी साडेनऊला एकदाची सुरू झाली होती. आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी प्लग काढून भोकांतून तेलाचे थेंब सोडून ठेवले होते. सकाळी येऊन त्यांनी स्वतःच्या गाडीची बॅटरी हिला जोडली, रेडिएटर पाण्याने भरला, कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतलं. पाचव्या सेल्फला ती खोकली, सातव्याला पेटली. आणि तेव्हापासून हा धूर.

"पांढरा म्हणजे वाईट का?" मी विचारलं.

"पांढरा दोन तऱ्हेचा असतोय. एवढी वर्सं गाडी हुभी ऱ्हायली की सायलेन्सरात ओल धरती. ती वाळंस्तवर वाफ येणारच. दहा मिन्टात धूर इरला तर इंजिन चांगलं. न्हाईच इरला, तर पाणी इंजिनात जातंय, ते आडवणारं हेड गॅस्केट गेलंय असं समजायचं."

"आणि गॅस्केट गेलं असेल, तर त्या दिवशी गाडी त्याच्यामुळे बंद पडली?"

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मिरजेचा हा माणूस वीस वर्षं आमच्या घरातल्या गाड्या बघत होता. त्या दिवशीचं सगळं त्यांना ठाऊक होतं. "आधी धूर तर बघू," ते म्हणाले.

दहा मिनिटं एका जागी उभी राहणारी बाई मी नाही. मी बॉनेटपासून सायलेन्सरपर्यंत आणि सायलेन्सरपासून बॉनेटपर्यंत फेऱ्या मारत होते. दुपारी चार वाजता भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हळदीचा व्यापार आवरता घेतला होता. गोदाम दुसऱ्याला दिलं होतं आणि ते रिकामं करताना कोपऱ्यातली, ताडपत्रीखालची ही चौऱ्याऐंशी सालची गाडीही निघणार होती. फोनवर हे कळलं त्याच रात्री मी पुण्याहून गाडी पकडून सांगलीला आले. भंगारात जाण्याआधी मला तिला एक प्रश्न विचारायचा होता. माणसांना विचारून माझं भागलं नव्हतं.

"भंगारात जाणाऱ्या गाडीचं पोस्टमार्टेम कशाला करताय?" आप्पा गोदामाच्या दारातून म्हणाले. हातात पेपर होता, पण ते वाचत नव्हते. "पेट्रोल वाया."

"माझ्या पैशाचं आहे," मी म्हणाले.

"मी पैशाचं म्हणत नाही, त्रिशला."

"मग कशाचं म्हणताय?"

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. गोदामाच्या समोरच आमच्या घराचं मागचं दार आहे. तिथे आई खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर होता. तो तिनेच डाव्या हाताने उचलून तिथे ठेवलेला होता.

ती गोष्ट सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. हळदीचे सौदे ऐन भरात होते आणि आप्पा सकाळपासून मार्केट यार्डात होते. मी बावीस वर्षांची, नुकतं लायसन काढलेलं आणि त्याचा तोरा डोक्यात गेलेला. साडेअकराच्या सुमारास आई भाकरी थापता थापता कलंडली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, बोलणं फुटत नव्हतं. शेजारच्या दोघींच्या मदतीने तिला मागच्या सीटवर घातलं आणि मी मिरजेच्या दवाखान्याकडे गाडी सोडली. दहा किलोमीटरचा रस्ता. विश्रामबाग ओलांडलं आणि चढावर गाडीने हिसका दिला, बॉनेटखालून वाफ उसळली आणि इंजिन जे बंद पडलं ते पडलंच. मी रस्त्यात हात पसरून उभी राहिले. थांबलेल्या पहिल्या टेम्पोतून तिला नेईपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता.

आप्पा दवाखान्यात आले, आईला बघितलं, मग व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "काटा बघितला नाहीस तू," एवढंच म्हणाले.

काटा म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा, स्टिअरिंगमागचा. मी तो बघितला होता. विश्रामबागच्या चौकात बघितला होता, आणि तो अर्ध्याच्या खाली होता. हे मी आप्पांना सांगितलं, काकांना सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. सगळे मान हलवायचे. पोरगी घाबरली होती, तिला काय दिसणार. आमच्या एका मावशीने तर, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, असं आईच्या उशाशी बसून ऐकवलं. वर्षभरात माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. आणि पुढे पुढे मलाच खात्री वाटेनाशी झाली. अर्ध्याच्या खाली असलेला काटा मला दिसला होता, की दिसला असं मी स्वतःला सांगत आले होते? नवऱ्याने दोनदा आपल्या गाडीची किल्ली पुढे केली, दोनदा मी दुसरीकडे बघितलं. त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही.

"किती झाली?" मिस्त्रींनी विचारलं.

"अकरा."

ते सायलेन्सरजवळ उकिडवे बसले. धूर तसाच होता. उलट जास्तच दाट वाटत होता. त्यांनी तळहात धुरासमोर धरला आणि मला दाखवला. हात ओला झाला होता. "गॅस्केट गेलंय," ते म्हणाले.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला असं मी लिहिलं असतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. आप्पा दारातून पुढे आले.

"गेलंय ना? मग? तापवली म्हणून गेलं. पाणी उकळून संपेपर्यंत दामटली. मी नऊ वर्षं दुसरं काय सांगत होतो?"

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते खाली बघत फडक्याला हात पुसत होते.

"आप्पासाब म्हणत्यात तसंबी हुतंय, ताई. गाडी तापली की गॅस्केट उडतंय. आन गॅस्केट उडालं की गाडी तापती. आधी कुठलं, ते आता इंजिन तोंडानं सांगणार न्हाई."

म्हणजे पुण्याहून धावत आले, रजा टाकली, म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस राबवलं, आणि हातात पुन्हा तेच. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही यायला लागला. मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. रेडिएटरचं झाकण मिस्त्रींनी काढूनच ठेवलं होतं. आतल्या पाण्यात बुडबुडे येत होते, एकामागून एक.

"हे काय होतंय?"

"इंजिनातली हवा पाण्यात यायला लागलीया. मधला पडदाच फाटलाय, त्यामुळं हिकडचं तिकडं चाललंय," मिस्त्री वाकून म्हणाले. बुडबुड्यांबरोबर तळाचा गाळ वर येत होता आणि तोंडाशी फेस जमत होता. फेस पिवळा होता. त्यांनी तो बोटावर घेतला आणि फडक्याला पुसला. "गंज. नऊ वर्सांचा गंज."

"बंद करा आता इंजिन," आप्पा एकदम म्हणाले. "झालं बघून."

मी त्या फडक्याकडे बघत राहिले. मी हळदीच्या घरात वाढले आहे. शाळेत माझ्या वह्यांच्या कडासुद्धा पिवळ्या असायच्या आणि मुली मला त्यावरून नवरी म्हणून चिडवायच्या. लोखंडाचा गंज मला माहीत आहे. तो पिवळा दिसला तरी त्यात तांबूस झाक असते. फडक्यावरच्या डागात ती नव्हती.

"मिस्त्री, तुमची चुन्याची डबी द्या."

"आं?"

"तंबाखूची. चुना द्या."

त्यांनी खिशातून डबी काढली. मी नखावर चुना घेतला आणि त्या डागावर घासला. गंजाला चुना लावला तर तो गंजच राहतो. हळदीला लावला तर ती लाल होते. सांगलीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. फडक्यावरचा डाग माझ्या बोटाखाली लाल झाला.

मिस्त्रींनी फडकं माझ्या हातातून घेतलं, उजेडात नेलं, नाकाला लावलं. गोदामात सगळीकडे तोच वास, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. पण रंग दिसत होता.

"ही तर हळद," ते म्हणाले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलायला लागले. "रेडिएटर गळाय लागला की ट्रकवाले हळद टाकत्यात. पाण्यात फुगती आन बारीक भोक बुजवती. चार-आठ दिस निभतंय. म्हंजे कुणाच्या तरी ध्यानात आलं हुतं, की पाणी कमी हुतंय. त्याला वाटलं रेडिएटर गळतोय. पण रेडिएटर गळत नव्हताच. पाणी इंजिन पीत हुतं."

"कधी?"

"कधी म्हंजे? गाडी बंद पडायच्या आधी. बंद पडली ती दोरीनं वढत हितं आणली, मीच आणली. तवाधरनं झाकण कुणी उघडलं न्हाई. काल मी उघडलं, तर पान्यानं ठोकून काढाय लागलं."

"मिस्त्री, मी काटा बघितला होता. अर्ध्याच्या खाली होता." हे वाक्य मी नऊ वर्षांत किती जणांसमोर म्हटलं असेन कुणास ठाऊक.

"असंलच की," मिस्त्री म्हणाले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. "काटा पाण्याची गरमी दावतोय. पाणीच संपलं तर तो कशाला चढंल? खालीच बसतोय. लई डायवर फसत्यात तितं. तुम्ही बघितला असंल तर खालीच दिसला असंल."

मी मडगार्डवर हात टेकून रडले. चांगली हुंदके देऊन रडले, एकतीस वर्षांची बाई, दोन पुरुषांसमोर. माझ्या डोळ्यांनी मला फसवलं नव्हतं. मी खोटारडी नव्हते, वेंधळी नव्हते. ते ऐकायला एवढी वर्षं लागली होती आणि ते सांगणारा माणूस आता हातावर तंबाखू मळत होता.

"गोदाम आहे हे," आप्पा म्हणाले. "इथे हळद उडतच असते. उडून पडली असेल."

"झाकण बंद हुतं, आप्पासाब," मिस्त्री हळूच म्हणाले.

"काल उघडल्यावर पडली असेल."

मी डोळे पुसले. "आप्पा, गोदामात आपण काय ठेवत होतो?"

"काय म्हणजे? हळद."

"हळकुंडं. पोत्यातली, अख्खी हळकुंडं. कुटलेली हळद आपण कधी विकली नाही. पूड असायची ती एकाच ठिकाणी, घरात. आईच्या डब्यात."

आप्पांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली. इंजिन अजून सुरूच होतं आणि त्यांच्या मागे पांढरा धूर पसरत होता. मी समोरच्या दाराकडे वळले. आईला सगळं ऐकू जात होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"माझ्याकडनंच नेली," ती म्हणाली. "वाटीभर. आदल्या आठवड्यात. म्हटलं कशाला, तर म्हणाले, गाडीत पाणी राहिना झालंय. सौदे झाले की दाखवतो मिस्त्रीला."

आप्पा आत निघून गेले. माझ्याजवळून गेले, आईच्या खुर्चीला वळसा घालून गेले, कुणाकडेही न बघता. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. "मी यार्डातनं चहा पिऊन येतो," असं म्हणून ते जे बाहेर पडले ते तासभर फिरकले नाहीत. शहाणा माणूस.

मी आईसमोर जाऊन उभी राहिले. आप्पांवर ओरडायचं म्हणून जे काही नऊ वर्षं साठवलं होतं ते सगळं आता कुणावर काढायचं तेच कळेना.

"तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मावशी माझ्याबद्दल बोलत होती तेव्हा तू तिथेच पडलेली होतीस."

"तेव्हा मला बोलता येत नव्हतं, त्रिशा."

"तीन महिन्यांनी यायला लागलं! माझ्या लग्नात तू चांगली बोलत होतीस. आप्पांनी मामांना माझ्यादेखत सांगितलं, हिने काटा बघितला नाही म्हणून. तू शेजारी बसून जेवत होतीस."

आईने डाव्या हाताने उजवा हात जरा सरकवला. "माझ्यासमोर पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. मी तोंड बघितलं होतं त्यांचं. नंतर बोलून बोलून त्यांना तसंच वाटाय लागलं."

"मग तू सांगायचं होतंस!"

"आणि मग?"

"मग काय? मला कळलं असतं. मी गाडी चालवली असती. मी रात्री झोपले असते!"

"तू लग्न होऊन जाणारच होतीस," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा, भाजी काय करायची ते सांगताना असतो तसा. "मला यांच्याजवळ राहायचं होतं. रोज हेच मला न्हाऊ घालतात. वेणी घालतात. पातळ नेसवतात. कुठला व्यापारी करतो गं हे, सांग मला? चार माणसांत यांना खोटं पाडलं असतं, तुमच्यामुळं माझा हात गेला असं तोंडावर म्हटलं असतं, तर केलं असतं का यांनी? बाई ठेवली असती. तिच्या हातून सगळं करून घ्यायचं, उघडं व्हायचं..." तिने पदर ओढून घेतला. "तुझा राग आला तर तू काय, दिवाळीला आली असतीस, नाहीतर नसती आलीस. यांचा राग आला असता तर मी कुठं जाणार होते?"

"म्हणजे तू माझ्यावर ढकललंस."

मला वाटलं ती नाही म्हणेल. रडेल, नशिबाला बोल लावेल, काहीतरी पांघरूण घालेल.

"हो," ती म्हणाली.

मी तिथेच पायरीवर बसले. आतून बंबाचं झाकण वाजलं, बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग आप्पांचा आवाज आला, कुणाला उद्देशून ते कळू नये असा. "पाणी काढलंय."

रोज ते बाहेर येऊन तिला उठवत असणार. त्या दिवशी आले नाहीत. आई थोडा वेळ दाराकडे बघत राहिली आणि मग तिने डावा हात माझ्यापुढे केला. "उठव."

तिला उठवायचं कसं ते मला माहीत नव्हतं. मी हात धरून ओढायला गेले, तर ती म्हणाली, "तसं नाही, कमरेत धर." कमरेत धरलं. ती माझ्या अंगावर भार टाकून उठली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच जड होती. आम्ही दोघी न्हाणीघरापर्यंत पोचलो तेव्हा आप्पा तांब्या हातात घेऊन दाराशी उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बाह्या वर केलेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं. मी वाट बघितली. खरंच बघितली. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते एक वाक्य त्या दारात उभं होतं.

"आज मी घालते," मी म्हणाले.

आप्पांनी तांब्या माझ्या हातात दिला. "डोक्यावर एकदम ओतू नकोस," ते म्हणाले. "घाबरते ती." आणि बाजूला झाले.

आईला पाटावर बसवलं. पातळ सोडवताना माझी बोटं अडखळत होती आणि ती मला सांगत होती, आधी हे सोड, मग हा हात बाहेर काढ. उजवा खांदा डाव्यापेक्षा बराच उतरला होता. हात वाळून बारीक झाला होता, पण कातडी स्वच्छ होती. बगलेत, कोपराच्या घडीत, कुठे म्हणून मळ नव्हता. मी पाठीवर पाणी ओतलं.

"कढत नाही ना?"

"बरंय."

मी पाठ चोळली. मान चोळली. दाराबाहेर आप्पा अजून उभेच होते. फटीखालून त्यांचे पाय दिसत होते.

"एका दिवसाचं काय गं, त्रिशा," आई म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती. "उद्या तू पुण्याला जाणार."

मी तांब्या बुडवला, भरला, तिच्या खांद्यावर ओतला. ती म्हणाली ते खरं होतं. सकाळी सातच्या गाडीचं तिकीट मी येतानाच काढून ठेवलं होतं.